दोमेनिको झिपोली: एक छापील पुस्तक आणि चिकितोसच्या वह्या

पायपेटी

पियानो शिकणाऱ्या मुलांची 'सोपे बरोक तुकडे' छापाची पुस्तकं असतात, त्यांत बाख, हेंडेल, पर्सेल या ठरलेल्या मंडळींच्या अधेमधे एखादं पान झिपोली नावाच्या माणसाचं असतं. बहुतेकदा ई मायनरमधला छोटासा 'वेर्सो', जेमतेम पानभर. मूल तो बसवतं, परीक्षेत वाजवतं, विसरून जातं. नावापुढे कंसात १६८८-१७२६ एवढंच छापलेलं. मागे स्कार्लातीच्या धाग्यावर मी या माणसाचा विषय काढला तेव्हा काहींनी 'वेगळा धागा काढा' म्हटलं होतं. घ्या, काढला.

दोमेनिको झिपोलीचा जन्म १७ ऑक्टोबर १६८८ चा, इटलीतल्या प्रातोचा. प्रातो म्हणजे फ्लॉरेन्सच्या कुशीतलं कापडाच्या धंद्याचं गाव. पोरगा हुशार निघाला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने हात सैल सोडला आणि शिक्षणाची सोय झाली. आधी फ्लॉरेन्स, मग नेपल्सला अलेस्सांद्रो स्कार्लातीकडे. (हा दोमेनिको स्कार्लातीचा बाप. त्या काळात ऑपेरातलं सगळ्यात मोठं नाव.) पण तिथे गुरूशिष्याचं बिनसलं आणि झिपोलीने थोड्याच काळात गाशा गुंडाळला. काही दिवस बोलोन्याला काढून तो रोमला बेर्नार्दो पास्क्विनीकडे गेला. पास्क्विनी तेव्हा थकलेला होता, १७१० मध्ये तो वारला. पण तालीम योग्य ठिकाणी मिळाली होती. रोममध्ये फ्रेस्कोबाल्दीपासून ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डचं (पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य) एक घराणंच चालत आलं होतं, पास्क्विनी त्यातला शेवटचा मोठा माणूस.

पुढे रोममध्ये झिपोलीचं बस्तान बसत गेलं. १७१२ आणि १७१४ मध्ये त्याचे दोन ओरातोरिओ (अभिनयाशिवाय गायची धार्मिक संगीतकथा) झाले, एक पादुआच्या संत अंतोनीवर, दुसरा संत कातेरिनावर. दोन्हींची संहिता शिल्लक आहे, संगीत गेलं. १७१५ मध्ये त्याला जेझू चर्चच्या ऑर्गनवर नेमलं. हे जेझुइटांचं, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचं, रोममधलं मुख्य चर्च, म्हणजे जागा मोक्याची. आणि १७१६ मध्ये त्याचं पुस्तक छापून आलं, 'सोनाते दिंतावोलातुरा'. फोरानोची राजकन्या मारिया तेरेसा स्त्रोत्सी हिला अर्पण केलेलं. पहिला भाग ऑर्गनचा: एक तोक्काता, वेगवेगळ्या स्वरांतले वेर्सो आणि कांत्सोना, मिस्साच्या (कॅथलिकांची मुख्य उपासना) निरनिराळ्या टप्प्यांसाठी तुकडे, शेवटी नाताळची पास्तोराल. दुसरा भाग हार्प्सिकॉर्डचा: चार सुइट आणि दोन पार्तिता. लंडनच्या जॉन वॉल्शने पुढे यातला माल उचलून इंग्लंडात छापला. म्हणजे पुस्तक खपणारं होतं.

वय सत्तावीस. रोममधली चांगली नोकरी, नवं कोरं पुस्तक, आश्रयदाते खूष. इथून पुढे साधारण कथा अशी जायला हवी की व्हेनिसमध्ये एखादा ऑपेरा, मग एखाद्या जर्मन संस्थानात दरबारी नेमणूक, म्हातारपणी पेन्शन.

त्याऐवजी १ जुलै १७१६ रोजी हा माणूस स्पेनमध्ये सेव्हिलला जेझुइट संघात दाखल झाला. पराग्वे प्रांताच्या (जेझुइटांचा दक्षिण अमेरिकेतला प्रांत) मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामासाठी, तेव्हा युरोपात माणसं गोळा करत होते. एप्रिल १७१७ मध्ये पन्नासाहून जास्त जेझुइटांबरोबर कादिझच्या बंदरातून जहाज सुटलं आणि जुलैत ब्वेनोस आयरेसला लागलं. बरोबरच्या मंडळींत प्रिमोली आणि बियांकी हे दोन वास्तुविशारद होते (ब्वेनोस आयरेस आणि कोर्दोबाच्या जुन्या इमारतींवर त्यांचा हात फिरलाय) आणि पेद्रो लोसानो हा पुढे त्या प्रांताचा इतिहासकार झालेला तरुण होता. झिपोलीबद्दल पुढचं बरंच काही आपल्याला कळतं ते या लोसानोमुळे.

तिथून सातशे किलोमीटर आत कोर्दोबा. आज अर्जेंटिनातलं मोठं शहर, तेव्हा जेझुइटांच्या कॉलेजचं गाव. झिपोली तिथे विद्यार्थी म्हणून राहिला, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकला आणि चर्चमधलं संगीत सांभाळलं. लोसानो लिहितो की सणावाराला त्याचं संगीत ऐकायला चर्चमध्ये झुंबड उडायची. अभ्यासक्रम पुरा झाला, आता फक्त दीक्षा बाकी. पण दीक्षा द्यायला बिशप लागतो आणि तिथली गादी रिकामी होती. वाट बघता बघता क्षयाने गाठलं. शहराच्या उत्तरेला सांता कातालिना नावाची जेझुइटांची मोठी शेतीवाडी होती, तिथे २ जानेवारी १७२६ रोजी तो गेला. वय सदतीस. पाद्री व्हायचं राहूनच गेलं.

इकडे युरोपात काय? १७१६ नंतर झिपोली या नावापुढे कोरी पाटी. तिकडे जेझुइटांच्या कागदपत्रांत कोर्दोबाचा एक ऑर्गनवादक 'ब्रदर झिपोली'. हे दोघं एकच, हे कागद ताडून मांडलं ते उरुग्वेच्या लाउरो आयेस्तारान या संगीत-अभ्यासकाने, १९४१ मध्ये. म्हणजे सव्वादोनशे वर्षं एका माणसाची दोन अर्धी चरित्रं दोन खंडांत पडून होती.

त्याने अमेरिकेत जे रचलं त्याचं काय झालं हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. तो प्रतिसादांत टाकतो, नाहीतर पोस्ट फार लांबेल.

आसावरी_डी

वाचनखूण साठवली. मस्त लिहिलंय. माझ्या लेकीच्या पुस्तकात आहे हा वेर्सो! तिने 'हे आजोबा कोण' विचारलं होतं, मी 'असतील कोणीतरी' म्हणून वेळ मारून नेली होती. आजोबा व्हायचं वयही लाभलं नाही म्हणजे बिचाऱ्याला.

एक अडाणी प्रश्न. वेर्सो इतके छोटे का? एक तर तीसेक सेकंदांत संपला. आणि ऐकायला सुरुवात कशाने करू?

खट्याळ_बोका

रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पायपेटी

@आसावरी_डी, प्रश्न अडाणी अजिबात नाही. ते मैफलीसाठी लिहिलेलेच नाहीत. कॅथलिक उपासनेत तेव्हा पद्धत अशी होती की स्तोत्राची एक ओळ गायकांनी गायची, पुढच्या ओळीच्या जागी ऑर्गनने वाजवायचं, परत गायकांनी गायची. ऑर्गनच्या वाट्याला येणारा तो तुकडा म्हणजे वेर्सो. ओळीएवढाच वेळ मिळणार, तेवढ्यात चार आवाजांची फ्यूग (एकच चाल आवाजांनी मागोमाग उचलायची रचना) बांधून दाखवायची आणि सूर गायकांच्या हातात परत द्यायचा. झिपोलीने प्रत्येक स्वरात चार वेर्सो आणि शेवटी एक जरा लांब कांत्सोना असे संच केले आहेत. मुलांच्या पुस्तकात यातला एकच उचलून छापतात, म्हणून तो अर्धवट वाटतो.

सुरुवात एफ मेजरमधल्या 'अल्लेलेवात्सिओने'ने (थोडक्यात एलेवात्सिओने) करा. मिस्सामध्ये पाद्री प्रसादाची भाकरी वर उचलून धरतो, त्या क्षणाचं संगीत. इटालियन ऑर्गनमध्ये यासाठी एक खास आवाज ठेवलेला असे, 'वोचे उमाना'. नेहमीच्या नळ्यांच्या जोडीला दुसरी रांग, मुद्दाम किंचित सरकवून लावलेली. दोन्ही रांगा एकदम वाजल्या की सुरात संथ लहर उठते. झिपोलीचा हा तुकडा त्या लहरीवर तोलूनच लिहिलाय. उजव्या हातातली चाल घाई करत नाही, स्वर लांबवते, कारण लहर कानाला कळायला वेळ लागतो. पियानोवर हाच तुकडा निम्मा मरतो. पियानोवरच्या रेकॉर्डिंगवर मत बनवू नका, जुन्या इटालियन ऑर्गनवरचं शोधा.

नंतर पास्तोराल. नाताळच्या दिवसांत डोंगरातले मेंढपाळ रोममध्ये उतरून झांपोन्या म्हणजे कातडी पिशवीची बॅगपाइप वाजवत हिंडायचे. तिचा एक सूर अखंड चालू असतो. झिपोलीने तो खाली खर्जासारखा धरून ठेवलाय आणि वर झुलत्या लयीत चाल. आपल्या कानाला ही रचना पहिल्या झटक्यात पटते, कारण पायाखाली सा धरलेला असतो.

हार्प्सिकॉर्डसाठी बी मायनरचा सुइट. प्रेल्युदिओ, कोर्रेंते, आरिया, गाव्होत्ता. त्यातली गाव्होत्ता एका पानात काय काय करून जाते ते ऐका. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम मात्र ऑर्गनच्या भागात आहे. सुइट सुरेख आहेत पण तेव्हाच्या इटलीत असे सुइट लिहिणारे आणखीही निघाले असते. एलेवात्सिओने लिहिणारे निघाले नसते.

पेटीवाले_काका

वोचे उमानाचं वाचून गंमत वाटली. पेटी दुरुस्तीत आम्ही उलटं करतो. नर-नर सुरांची (एकाच सप्तकातल्या दोन पट्ट्या एकदम वाजणारी) पेटी असेल तर दोन्ही पट्ट्या कानस मारून इतक्या जुळवायच्या की लहर शून्य झाली पाहिजे. सूर चढवायचा तर टोकाकडे घासायचं, उतरवायचा तर मुळाकडे. ठोके मंदावत मंदावत थांबले की सूर मिळाला. काही गिऱ्हाइकं मात्र मुद्दाम सांगतात, काका, थोडी लहर ठेवा, आवाज भरीव वाटतो. त्यात प्रमाण फार जपावं लागतं. जरा जास्त झालं की बेसूर. इटलीवाले हे नळ्यांवर करत होते म्हणजे कान मोठे तयारीचे असणार.

पायपेटीसाहेब, तुमच्या आयडीवरून विचारतो, नाटकातला पायाचा ऑर्गन वाजवता का?

पायपेटी

@काका, वाजवतो कसला, सांभाळतो. आजोबांचा आहे. भाते फाटलेत. तुम्हाला वेगळा व्यक्तिगत निरोप करतो.

तिरकस

लेख चांगला आहे, पण एक सूर खटकला. रोमची कीर्ती लाथाडून जंगलात गेलेला संत कलावंत, हे चित्र फार गोड आहे. दोन गोष्टी नोंदवतो.

एक, सांता कातालिना ही 'मोठी शेतीवाडी' म्हणून सोडून दिलीत. कोर्दोबाच्या आसपासच्या त्या सगळ्या एस्तान्सिया, म्हणजे अशा शेतीवाड्या, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या मेहनतीवर चालत होत्या आणि त्यांच्या उत्पन्नावर कॉलेज चालत होतं. झिपोली जिथे धर्मशास्त्र शिकला त्याची फी कोण भरत होतं ते सांगायला हवं. २००० साली त्या जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हापासून भिंती नि घुमट यांचेच फोटो फिरतात.

दोन, मिशनमध्ये संगीत हे हत्यार होतं. विखरून राहणाऱ्या लोकांना एका गावात आणून बसवायचं, घंटेवर उठवायचं, घंटेवर झोपवायचं आणि मध्ये व्हायोलिन द्यायचं. व्हायोलिन सुंदर वाजलं म्हणून घंटा विसरायची का?

खट्याळ_बोका

आले तिरकसराव. आता धागा शंभरी गाठणार.

मडगांवकार

@तिरकस, तुमचा मुद्दा आम्हा गोंयकारांना समजावून सांगायची गरज नाही, आमच्याकडे इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही होतं. तरी थोडं या बाजूचं लिहितो, कारण संघ तोच.

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या जेझुइट मठात १६६३ साली सेबास्तियानी नावाच्या इटालियन कार्मेलाइटाने (हा दुसरा एक कॅथलिक संघ) सणाची उपासना ऐकली. सात गायकवृंद एकदम. त्याला रोममध्ये असल्यासारखं वाटलं आणि रचना कारिस्सिमी या संगीतकाराची आहे असं सांगण्यात आलं. कारिस्सिमी तेव्हा हयात होता, रोममध्येच जेझुइटांच्या कॉलेजात संगीत बघत होता. म्हणजे रोमच्या जेझुइटांकडचा ताजा माल मांडवीच्या काठावर पोचत होता आणि गाणारे इथलेच होते.

गावोगावच्या चर्चला जोडून शाळा होत्या, त्यांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. १७५९ मध्ये पोर्तुगीजांनी जेझुइटांना हाकललं, पण चर्चचे मेस्त (संगीतशिक्षक) आणि त्यांच्या शाळा राहिल्या. त्याच शिक्षणाच्या जिवावर पुढे गोंयकार मुंबईला गेले. ॲंथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातली मंडळी आकाशातून पडली नव्हती.

आणि मराठी वाचकांसाठी आणखी एक. झिपोलीचं पुस्तक १७१६ चं. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १६१६ मध्ये, रायतूरला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, मराठीत. तोही १५७९ ला आला तो परत गेलाच नाही. जिथे जायचं तिथल्या लोकांच्या कानाला जे रुचतं ते उचलायचं ही त्या संघाची रीतच होती. इथे ओवी मिळाली, तिथे गळा आणि हात मिळाले.

अनुजा_ज

मडगांवकार, देव बरें करूं! हा प्रतिसादच वेगळा लेख आहे.

पायपेटी, तुम्ही अमेरिकेतल्या संगीताचं सांगणार होतात. झिपोली मिशनमध्ये गुआरानी या तिथल्या मूळ जमातीच्या मुलांना शिकवायचा असं एका माहितीपटात पाहिलं होतं. ते कितपत खरं?

पायपेटी

@अनुजा_ज, ते चित्र सगळीकडे आहे आणि सपशेल चुकीचं आहे. झिपोली मिशनमध्ये राहिलाच नाही. ब्वेनोस आयरेसहून थेट कोर्दोबा आणि मरेपर्यंत कोर्दोबा. तो कॉलेजच्या चर्चसाठी लिहीत होता. मिशनमधली संगीताची घडी त्याच्या किती तरी आधी बसलेली होती. टिरोलचा आंतोन सेप हा जेझुइट १६९१ मध्ये तिकडे पोचला आणि यापेयू या मिशनच्या गावी त्याने गाणं, वाजवणं आणि वाद्यं बनवणं तिन्हींची शाळा काढली. झिपोली आला तेव्हा मिशनमध्ये ऑर्गन होते, व्हायोलिनं होती, वाचून वाजवणारे लोक होते. त्यांना हवं होतं नवं संगीत. ते कोर्दोबाहून नकलांच्या रूपाने जाऊ लागलं. पेरामास हा जेझुइट लिहितो की लिमाच्या व्हाइसरॉयनेही झिपोलीच्या रचनांच्या नकला मागवल्या होत्या.

आता चिकितोस. हा आजच्या बोलिव्हियाचा पूर्वेकडचा सखल भाग, कोर्दोबापासून दीड हजार किलोमीटरच्या वर. तिथे जेझुइटांची गावं १६९१ पासून वसत गेली. १७३० मध्ये तिथे मार्टिन श्मिड हा स्वित्झर्लंडचा जेझुइट आला. वास्तुविशारद, सुतार, ऑर्गन बांधणारा, व्हायोलिन शिकवणारा, सगळं एकाच माणसात. सान राफाएल, सान हाविएर, कोन्सेप्सिओन इथली प्रचंड लाकडी खांबांची चर्च त्याची. झिपोली तेव्हा मरून चार वर्षं झाली होती. पण त्याचं संगीत या गावांत पोचलं आणि रुळलं.

१७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून काढलं. म्हातारा श्मिडही गेला, १७७२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. इथे खरी गोष्ट सुरू होते. पाद्री गेले म्हणून चिकितानो, म्हणजे चिकितोसचे मूळ रहिवासी, गायक-वादक थांबले नाहीत. चर्चमधलं संगीत चालू राहिलं, आणि ते चालू ठेवायचं तर वह्या लागतात. त्या दमट हवेत कागद टिकत नाही, कसर लागते. म्हणून जुनी वही फाटायला आली की नवीन कागदावर नक्कल. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पूर्ण 'स्कोअर' क्वचितच, बहुतेक सुट्ट्या भागांच्या वह्या: पहिल्या व्हायोलिनची वेगळी, खालच्या आवाजाची वेगळी.

१९७२ मध्ये हान्स रोथ हा स्विस माणूस या चर्चची डागडुजी करायला आला. आणि सान राफाएल, सांता आना इथून पाच हजारांवर पानं संगीत बाहेर आलं. ते आता कोन्सेप्सिओनच्या संग्रहात आहे. त्यात झिपोलीची मिस्सा, सायंप्रार्थनेची स्तोत्रं, 'आवे मारिस स्तेल्ला'सारखी भजनं आहेत आणि १७१६ च्या छापील पुस्तकातल्या तुकड्यांच्या नकलाही आहेत. रोममध्ये राजकन्येला अर्पण केलेलं पुस्तक चिकितोसच्या वादकाच्या हस्ताक्षरात.

त्याआधी १९५९ मध्ये रॉबर्ट स्टीव्हनसन या अमेरिकन अभ्यासकाला बोलिव्हियातल्याच सुक्रे शहरात एफ मेजरमधली मिस्सा सापडली होती. ती नक्कल १७८४ ची, पोतोसी या तिथल्याच दुसऱ्या शहरात केलेली. तारीख बघा. झिपोलीला जाऊन अठ्ठावन्न वर्षं, जेझुइटांना हाकलून सतरा वर्षं. तरी पोतोसीत कुणाला तरी ही मिस्सा गायला हवी होती, म्हणून पदरचा कागद आणि वेळ घालून ती उतरवून घेतली.

युरोपातल्या ग्रंथालयांनी झिपोलीचं एक पुस्तक जपलं. बाकीचा झिपोली नक्कल करणाऱ्यांनी जपला, आणि त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःचं नाव लिहिलेलं नाही. @तिरकस, गुलामांबद्दल तुम्ही लिहिलंत ते धाग्यात यायलाच हवं होतं. पण घंटेच्या मुद्द्यावर विचारतो. घंटा वाजवणारे १७६७ मध्ये गेले. त्यानंतर कुणाच्या धाकाने या वह्या लिहिल्या गेल्या?

तिरकस

प्रश्न रास्त आहे. धाक जेझुइटांचाच असतो असं नाही, पाठोपाठ दुसरे पाद्री आणि सरकारी प्रशासक आलेच होते. पण इतक्या काळजीने नकला धाकाने होत नाहीत, हे मान्य. गायक-वादकांना गावात मान होता, कामातून थोडी सूट होती. मान टिकवायचा तर संगीत टिकवायला हवं. आपल्याकडच्या देवस्थानांच्या गुरव-वाजंत्र्यांचं काय वेगळं आहे?

आता दुसरी शंका. सुट्ट्या वह्या, नावं नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या नकला. मग हे झिपोलीचंच, हे ठरवतं कोण? जे जे चांगलं ते झिपोलीच्या नावावर, असं तर नाही? आपल्याकडे 'तुका म्हणे' जोडलेले किती अभंग फिरतात.

अनुजा_ज

तिरकस, हा मुद्दा मात्र जबरी. +१

पायपेटी

असं थोडंफार झालंय. काही वह्यांवर झिपोलीचं नाव स्पष्ट आहे, पोतोसीच्या मिस्सावर आहे. काही रचना दुसऱ्या नकलेशी ताडून पक्क्या झाल्या. उरलेल्या शैलीवरून, आणि तिथे अभ्यासकांत वाद आहेत. प्योत्र नाव्रोत हा पोलिश पाद्री-अभ्यासक आणि अर्जेंटिनाचा बर्नार्दो इयारी यांनी यावर वर्षानुवर्षं डोकं घातलंय. संत इग्नासियोवर एक छोटा ऑपेरा या वह्यांतून जुळवला गेला, त्यावर तर झिपोली, श्मिड आणि अनाम अशी तीन नावं एकत्र लावतात. मला ते तीन नावांचं लेबल प्रामाणिक वाटतं. सीडीच्या कव्हरवर ठळक अक्षरांत फक्त 'झिपोली' दिसलं की मी आधी आतली पुस्तिका उघडून बघतो.

आणखी एक लक्षात येतं. रोमचा झिपोली आणि कोर्दोबाचा झिपोली सारखे लिहीत नाहीत. ऑर्गनच्या पुस्तकात तो गुंतागुंत करतो, आवाज एकमेकांत विणतो. मिशनच्या वह्यांतल्या मिस्सात व्हायोलिनं मोकळी, गायकांना झेपेल अशी सरळ वाक्यं, जागच्या जागी थांबे. काही जण याला घसरण म्हणतात. मला ती समज वाटते. समोर कोण गाणार आहे ते ओळखून लिहिलंय. शिवाय नकला करणाऱ्यांनीही आपल्या हातातल्या गायकांप्रमाणे आवाज गाळले, बदलले. उरलंय ते दोघांचं मिळून आहे.

मडगांवकार

घसरण म्हणणाऱ्यांनी एकदा गावच्या चर्चचा क्वायर चालवून दाखवावा. टेनर दोन, त्यातला एक बोटीवर गेलेला, आणि ईस्टर तोंडावर. मग कळेल कोणतं संगीत 'सोपं' असतं ते.

खट्याळ_बोका

हे सगळं आता तिकडे वाजतं का? की संग्रहात कुलूपबंद?

पायपेटी

वाजतं, जोरात वाजतं. १९९६ पासून दर दोन वर्षांनी चिकितोसच्या त्याच चर्चमध्ये अमेरिकन बरोक संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. युरोपातले नावाजलेले वाद्यवृंद येतात आणि त्यांच्याबरोबर तिथल्याच गावांतल्या मुलांचे वृंद वाजवतात. ती गावं १९९० पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण ही चर्च वस्तुसंग्रहालयं झालेली नाहीत, रोजच्या वापरातली आहेत.

आसावरी_डी

एलेवात्सिओने ऐकला. काकांनी सांगितलेली लहर ऐकू आली! आधी वाटलं माझा स्पीकर खराब आहे.

लेकीला गोष्ट सांगितली. तिचा पहिला प्रश्न: मग तो वेर्सो हळू वाजवायचा का, देवळातला आहे म्हणून? तिच्या मॅडम तर भराभर घ्यायला सांगतात. आणि पूर्ण संचाची नोटेशन कुठे मिळतील?

पायपेटी

१७१६ चं पुस्तक कॉपीराइटच्या कधीच बाहेर गेलंय, इंटरनेटवर फुकट मिळतं, जुनं छापील आणि नवीन सुबक दोन्ही.

लयीचं असं: हळू नको, भराभरही नको. दगडी चर्चमध्ये आवाज रेंगाळतो, घाई केली की आवाज एकमेकांवर चढतात. पियानोवर ते रेंगाळणं नसतं म्हणून मॅडम पुढे ढकलत असतील. तिला सांगा, आधी चारही आवाज एकेक करून गाऊन बघ. जिथे नवा आवाज आत येतो तिथे त्याला किंचित जागा दे, बाकी बोटं सुटी सुटी पडू दे, पेडलला पाय लावू नकोस. त्याच स्वरातले आणखी तीन वेर्सो आणि कांत्सोना आहे. परीक्षा झाली की सलग बसवू दे. कांत्सोनाच्या मध्यात डाव्या हाताला एक जागा आहे जिथे बोटं अडकतात, तिथे आली की सांगा, बोटांचे आकडे लिहून पाठवतो.

पेटीवाले_काका

निरोप मिळाला. भात्याचं चामडं मिळतंय का बघतो. रविवारी सकाळी फोन करा.